जुन्या नळ्या व नवे सूर
(उपासनेंतील वाद्यांविषयीं एक अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग: स्तोत्र १५०; एज्रा ३:१०-१३; १ करिंथ १४:७-१५; २ शमुवेल २४:१८-२४.

पाठाचा हेतु: जुन्या वाद्यास नव्याची जोड देतांना काय राखावें व काय बदलावें, ह्याचा मंडळीनें प्रार्थनापूर्वक विचार करावा.



लोणारास जो कोणी परगांवाहून येतो तो प्रथम सरोवर पाहावयास जातो. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेला तो सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा, त्यांतील खारें पाणी, आणि जून २०२० मध्यें तें पाणी गुलाबी झालें होतें ती हकीकत, हीं सर्व त्याला ठाऊक असतात. परंतु आम्हां येथें राहणाऱ्यांस काठावरच्या धारेचें मोल अधिक वाटतें. सरोवर पाहण्यास लोक वर्षांतून एकदां येतात. गोमुखांतून पडणारी धार मात्र बारमाही वाहते. आजच्या पाठाचा विषय जें वाद्य, त्यासहि असाच अखंड पुरवठा लागतो. मात्र तो पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा.

हा विषय आतांच कां घेतला, असें कोणी विचारील. कारण असें कीं, आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढें एक प्रश्न वारंवार येऊं लागला आहे. पेटी जुनी झाली; आतां विजेचा कीबोर्ड घ्यावा कीं काय? हाच प्रश्न मोठ्या शहरांतील मंडळ्यांपुढें मोठ्या रूपानें आला आहे. तेथें नळ्यांचे जुने ऑर्गन आहेत, आणि त्यांस डिजिटल सुरांची जोड द्यावी कीं न द्यावी, असा वाद आहे. मोठ्या घराच्या दुरुस्तीवरून लहान घरवाल्यानें शिकावें, त्याप्रमाणें आपण ह्या मोठ्या वाद्याकडून आपल्या लहान वाद्याविषयीं कांहीं शिकूं.

१. वाऱ्याचें वाद्य

ऑर्गन हा ख्रिस्ती मंडळीनें शोधून काढला असें पुष्कळांस वाटतें, परंतु तें खरें नाहीं. ख्रिस्तापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरीं क्टेसिबियस नांवाचा एक कुशल कारागीर होता. नळ्यांत वारा सोडून सूर काढावयाचा, तर वारा सारख्या दाबानें यावयास पाहिजे. नाहींतर सूर डळमळतो. त्यानें युक्ति अशी केली कीं, वारा पाण्याखालीं पालथ्या घातलेल्या भांड्यांत भरावा, म्हणजे पाण्याचें वजन त्यास सारखें दाबीत राहील. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं बादलींत पेला पालथा दाबून मुलांस हें दाखवावें. आंत कोंडलेला वारा हाताला कसा उलट रेटतो, तें मुलांस लगेच कळेल.

हें वाद्य पुढें रोमी लोकांच्या खेळांच्या आखाड्यांत व राजवाड्यांत वाजूं लागलें. आरंभींच्या मंडळ्या वाद्यावांचूनच गात असत, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बहुतेक ठिकाणीं आजहि मनुष्याच्या कंठावांचून दुसरें वाद्य नसतें. इ. स. ७५७ मध्यें कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहानें फ्रँक लोकांचा राजा पेपिन ह्यास एक ऑर्गन भेट म्हणून पाठविला, तो राजाला राजानें दिलेला नजराणा होता. उपासनामंदिरांत त्याचा प्रवेश त्यानंतर हळू हळू झाला. म्हणजे आज आपण जें जुनें व पवित्र म्हणून राखूं पाहतों, तें एके काळीं नवखें व परकें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. तसेंच जें एकदां प्रेमानें राखलें गेलें तें किती टिकतें, हेंहि पाहावें. स्वित्झर्लंडांतील सियों येथील टेकडीवरच्या मंदिरांत पंधराव्या शतकांतील ऑर्गन अद्याप वाजतो.

आणि हें वाद्य केवळ श्रीमंतांचें, असेंहि नाहीं. फिलिपाइन बेटांतील लास पिन्यास गांवीं दिएगो सेरा नांवाच्या धर्मगुरूनें १८१६ ते १८२४ ह्या वर्षांत एक ऑर्गन बांधला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. धातु महाग, बांबू दारांत. तेव्हां जें दारांत होतें तेंच त्यानें देवाच्या सेवेस लाविलें. आमच्या मुंबईतहि सेंट थॉमस कॅथेड्रल, कुलाब्याचें अफगाण चर्च, होली नेम कॅथेड्रल अशा मंदिरांत नळ्यांचे ऑर्गन बसविले गेले आहेत. ज्यांना मुंबईस जाणें घडेल त्यांनीं ते अवश्य पाहावे.

२. नळी कशी बोलते

पपईच्या देठाची पिपाणी ज्यानें लहानपणीं केली असेल, त्याला ऑर्गनची अर्धी विद्या येतेच. नळ्या दोन जातींच्या असतात. एक बासरीच्या जातीची: तिच्या तोंडाशीं वारा धारेवर आपटतो व आंतील हवा कांपूं लागते. दुसरी सनईच्या जातीची: तिच्यांत धातूची जीभ असते व ती थरथरते. नळी जितकी लांब, तितका सूर खोल. ऑर्गनच्या साध्या हारींतील सर्वांत खोल सुराची उघडी नळी सुमारें ८ फूट लांबीची असते. त्याच्याहि खालचें सप्तक हवें तर १६ फूट, आणि त्याच्याहि खालचें हवें तर ३२ फूट. नळीचें तोंड वरून बंद केलें तर निम्म्या लांबींत तितकाच खोल सूर मिळतो, परंतु त्याचा रंग निराळा, कांहींसा घुमा येतो.

नळ्यांच्या एकेका हारीस 'स्टॉप' म्हणतात. वाजविणारा एक खुंटी ओढतो व ती हार बोलूं लागते. पट्ट्या ६१ असतील तर एका हारीस बहुधा ६१ नळ्या लागतात. दहा हारी म्हटल्या कीं सहाशेंवर नळ्या झाल्या. आणि त्यांतील प्रत्येक नळी कोणीतरी हातानें कापली, कानानें ऐकली व सुरांत बसविली असते. बत्तीस फुटांची नळी उभी करावयास आमच्या खेड्यांतील दोन प्रार्थनामंदिरें एकावर एक ठेविलीं तरी कदाचित् उंची पुरणार नाहीं. मग खर्चाविषयीं तर बोलावयासच नको.

३. नळ्यांस डिजिटल जोड

येथेंच नव्या विद्येचा प्रवेश होतो. एका चांगल्या नळीचा आवाज ध्वनिग्राहकापुढें धरून त्याच्या कंपांचें माप क्षणाक्षणाला घेतात. गाण्यांच्या सीडीसाठीं हें माप एका सेकंदांत ४४,१०० वेळां घेतलें जातें. त्या मापांचे आंकडे यंत्राच्या स्मरणांत सांठवितात. पुढें पट्टी दाबली कीं यंत्र त्या आंकड्यांपासून पुन्हा कंप उत्पन्न करतें व कर्णा तो आवाज बाहेर टाकतो. ह्या पद्धतीचा ऑर्गन अमेरिकेंतील अ‍ॅलन कंपनीनें १९७१ सालीं विक्रीस आणिला.

त्यानंतर पुष्कळ मंडळ्यांनीं मधला मार्ग धरिला. आपल्या जुन्या नळ्या मोडीत न काढतां त्यांनीं त्या तशाच ठेविल्या. आणि ज्या हारींस जागा नाहीं किंवा पैसा नाहीं, विशेषतः १६ व ३२ फुटांचे खोल सूर, त्या तेवढ्या डिजिटल घेतल्या. एकाच मेजावर दोन्हीं प्रकारच्या खुंट्या असतात. एक ओढली तर भात्याचा वारा नळींत जातो; दुसरी ओढली तर वीज कर्ण्यांत जाते. गाणाऱ्या मंडळीस बहुधा फरक कळत नाहीं, आणि पायाखालची जमीन हलविणारा तो खोल सूर लहान मंदिरांतहि ऐकूं येतो.

ह्या मार्गाचे दोष आहेत तेहि सांगितले पाहिजेत. नळीचा आवाज नळीपासूनच निघतो व मंदिराची सर्व हवा हलवितो. कर्णा लहान असला तर तो आवाज एका कोपऱ्यांतून आल्यासारखा वाटतो. दुसरें, नळी शतकें टिकते. तिचें कातडें व भाते पन्नासएक वर्षांनीं बदलावे लागतात, पण तें काम कुशल सुताराच्या व चांभाराच्या हातचें आहे. विजेच्या यंत्राचा एक भाग बिघडला आणि तो भाग कारखान्यांत होईनासा झाला, तर सगळेंच यंत्र गप्प होतें. म्हणून जोड देणारा शहाणा कारागीर नव्याची बांधणी अशी ठेवतो कीं, तें उद्यां काढावें लागलें तरी जुन्याला इजा पोहोंचूं नये.

४. उन्हाळ्याची परीक्षा

आतां ह्या पाठांतील सर्वांत उपयोगी गोष्ट सांगतों; वाचकांनीं ती दोनदां वाचावी.

हवा तापली म्हणजे तिच्यांतून ध्वनि अधिक वेगानें जातो. २० अंश उष्णतेस तो वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर, तर ४० अंशांस सुमारें ३५५ मीटर असतो. नळीची लांबी तीच राहते, परंतु आंतील हवा जलद कांपते. म्हणून सूर चढतो. नाताळाच्या थंड सकाळीं आपल्या मंदिरांत २० अंश असतील, आणि मे महिन्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उन्हांत ४० अंश, तर बासरीच्या जातीच्या नळ्यांचा सूर इतका चढेल कीं तो शेजारच्या पट्टीपर्यंतची निम्मी वाट ओलांडील. सगळ्या नळ्या बरोबरच चढतात म्हणून एरवीं तें खुपत नाहीं. परंतु त्यांच्या शेजारीं डिजिटल सूर ठेविले, तर ते आंकड्यांचे असल्यामुळें ऊन त्यांस लागत नाहीं. ते नाताळांत होते तेथेंच राहतात. मग दोघे एकत्र वाजूं लागले कीं कानाचे पडदे फाटतात.

ह्यावर उपाय काय? हजार नळ्या दर ऋतूंत कापणें शक्य नाहीं, आणि कापल्या तर त्या फुकट जातील. उपाय एकच आहे व तो सोपा आहे: नव्यानें जुन्याच्या सुरांत यावें. डिजिटल भागास एक खुंटी असते, ती फिरवून त्याचा सूर वर किंवा खालीं नेतां येतो. कोठें कोठें नळ्यांपाशीं उष्णता मोजण्याचें साधन बसवितात, व यंत्र आपोआप नळ्यांच्या मागें जातें. नवा बलवान् म्हणून जुन्यास वांकवावें, असा येथें नियम नाहीं. ज्याला वळतां येतें त्यानें वळावें, आणि जो वळला तर मोडेल त्याला तसाच राहूं द्यावा. प्रेषितानें बलवानांनीं दुर्बळांचें ओझें वाहावें म्हणून रोमकरांस लिहिलें, त्याचा अर्थ मला इतका उघड क्वचितच दिसला आहे.

५. नांवाचा प्रामाणिकपणा

दुसरा धडा एका जुन्या खटल्यांतून मिळतो. अमेरिकेंत लॉरेन्स हॅमंड नांवाच्या घड्याळें करणाऱ्या गृहस्थानें १९३५ सालीं विजेवर चालणारा ऑर्गन बाजारांत आणिला. त्यास नळी एकहि नव्हती. तो स्वस्त होता व लहान मंडळ्यांनीं तो आनंदानें घेतला. परंतु तो नळ्यांच्या मोठ्या ऑर्गनच्या तोडीचा आहे, अशी जाहिरात होऊं लागली, तेव्हां सरकारच्या व्यापार-आयोगानें तक्रार चालविली. शिकागो येथील विद्यापीठाच्या मंदिरांत दोन्हीं वाद्यें आळीपाळीनें वाजवून जाणकारांस ओळखावयास सांगितलें. तेव्हां जाणकारहि सुमारें एक तृतीयांश वेळां चुकले! तथापि १९३८ सालीं आयोगानें निर्णय दिला कीं, नळ्यांच्या ऑर्गनची सगळी स्वरसंपत्ति आपल्या वाद्यांत आहे, असें कंपनीनें म्हणूं नये.

मला हा निर्णय न्यायाचा वाटतो. हॅमंडचें वाद्य वाईट नव्हतें; पुढें अमेरिकेंतील काळ्या बांधवांच्या मंडळ्यांत त्यानें स्वतःची अशी एक भाषा निर्माण केली व ती जगभर गेली. दोष वाद्याचा नव्हता, दोष नांवाचा होता. जें जें आहे तें तें म्हणून देवापुढें ठेवावें.

न्यूयॉर्क येथील ट्रिनिटी चर्चची हकीकतहि येथें आठवते. ११ सप्टेंबर २००१ रोजीं शेजारचे मनोरे कोसळले, व त्यांची धूळ मंदिराच्या ऑर्गनमध्यें गेली. मंडळीनें २००३ मध्यें संपूर्ण डिजिटल ऑर्गन बसविला आणि तो उत्तम म्हणून नांवाजला गेला. तरी पुढें तिनें पुन्हा नव्या नळ्यांचा ऑर्गन करवून घेण्याचें ठरविलें. संकटाच्या वेळीं जो सोबतीस आला त्याचे आभार मानावे. परंतु सोबती व घरधनी ह्यांतील भेद विसरूं नये.

६. आमची पेटी

आतां आपल्या घरीं येऊं. आमच्या खेड्यांत नळ्यांचा ऑर्गन नाहीं व यावयाचाहि नाहीं. आमची आहे ती पेटी. तीहि एके काळची पाहुणी. पॅरिस येथें अलेक्झांडर दबें ह्यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम केला. तो पायानें भाता हलवून खुर्चीवर बसून वाजवावयाचा. मिशनरी लोकांनीं तो ह्या देशांत आणिला, कारण तो ऑर्गनपेक्षां लहान व स्वस्त. पुढें कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनीं १८७५ च्या सुमारास त्याचे पाय काढून भाता पाठीमागें बसविला, आणि एका हातानें वारा व दुसऱ्या हातानें सूर अशी सोय केली. तेव्हां ती पेटी चटईवर बसली, म्हणजे खऱ्या अर्थानें आमची झाली. तिच्या पत्त्या गुजराथेंत पालिताण्यास होऊं लागल्या. पायपेटी व ऑर्गन मराठी रंगभूमीवर गेले, आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्यांच्या बोटांखालीं पेटीनें महाराष्ट्राचें मन जिंकलें.

तरी तिच्यावर आक्षेप होतेच. तिचे सूर ठोकलेले. गवयी दोन स्वरांमधून जी मींड घेतो ती तिला घेतां येत नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली, ती १९७१ सालीं सैल झाली. आपल्या लोकांनीं ह्या आक्षेपाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्नहि केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्या निवृत्त अधिकाऱ्यांनीं १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि न्यायाधीश क्लेमंट्स ह्यांच्या साह्यानें श्रुतींचा हार्मोनियम करविला गेला. आमच्या काळांत डॉ. विद्याधर ओक ह्यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. पाहा, जुन्या वाद्यास नव्या सुरांची जोड देण्याचा विचार केवळ पाश्चात्यांचा नव्हे.

आमच्या गीतांचीहि गोष्ट तशीच आहे. प्रथम बहुतेक गीतें इंग्रजी चालींवर गाइलीं जात. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांच्यासारख्यांनीं देशी चाली व कीर्तन मंडळींत आणिलें. आणि १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं अभंगाच्या व ओवीच्या वळणानें ख्रिस्ताची भक्ति गाइली. तेव्हांपासून आमच्या गीतांच्या पुस्तकांत दोन प्रकारच्या चाली शेजारीं शेजारीं नांदतात. जोड देणें ही आमच्या मंडळीची जुनीच रीत आहे. प्रश्न एवढाच कीं, जोड देतांना आम्हीं मूळ राखतों कीं नाहीं.

७. एका मंडळीची गोष्ट

लोणारापासून फार दूर नसलेल्या एका खेड्यांतील मंडळीची ही गोष्ट आहे. नांव सांगत नाहीं, कारण ह्यांत दोष आहे तो माझा आहे.

त्या मंडळींत एक वृद्ध पेटीमास्तर होते. कित्येक वर्षें त्यांनीं उपासनेस पेटी धरिली. मंडळीचा एक तरुण पुण्यास कामास लागला व त्यानें आपल्या कमाईंतून एक कीबोर्ड आणून दिला. त्याचा हेतु निर्मळ होता. मला फार आनंद झाला. परंतु पहिल्याच रविवारीं पेटी व कीबोर्ड ह्यांचा सूर जमेना. पेटी किंचित् चढी होती. मीं ती तालुक्याच्या गांवीं दुरुस्तीस नेली. कारागीर म्हणाला, "साहेब, पत्त्या घासून सूर उतरवतां येईल, पण प्रत्येक घासणीनें पत्ती मरते. जुनी पेटी आहे, राहूं द्या." तो पुढें आणखी कांहीं सांगूं पाहत होता, परंतु मला घाई होती. मीं पेटी परत आणून कपाटांत ठेविली, आणि मास्तरांस म्हटलें, "मास्तर, आतां आपण विश्रांति घ्या."

मास्तर दोन रविवार मागच्या रांगेंत बसले. तिसऱ्या रविवारीं ते आले नाहींत. मीं समजलों, वय झालें.

कीबोर्डांत तयार ताल होता. तो कोणासाठीं थांबत नसे. म्हाताऱ्या बायांस ओळीच्या शेवटीं श्वास घ्यावयास वेळ मिळेना, म्हणून त्या हळू हळू गप्प बसूं लागल्या. वाजविणाऱ्या मुलास जीं गीतें येत तींच आम्हीं घेऊं लागलों. अभंग राहिले, ओव्या राहिल्या. आवाज पूर्वीपेक्षां मोठा झाला होता, म्हणून गाणारे कमी झाले आहेत हें मला ऐकूं आलें नाहीं.

पुढें मे महिन्यांत मंडळींतील एक वृद्ध विधवा प्रभूमध्यें निजली. प्रेत अंगणांत होतें, वीज गेली होती. तिच्या मुलानें विनंती केली, "आईचें तें गीत म्हणा." कीबोर्ड बंद; आणि तो चालू असता तरी त्या मुलास तें गीत येत नव्हतें. मीं स्वतः उचललें. सूर फार वर धरला गेला. दुसऱ्या ओळीस माझा गळा बसला व मी थांबलों. कोणी बोलेना. तेव्हां निंबाखालीं बसलेल्या शेजाऱ्यांमधून मास्तरांनीं तेंच गीत तीन पट्ट्या खालीं धरिलें. त्यांचा आवाज मोठा नव्हता. एकेक जण मिळत गेला, आणि शेवटच्या कडव्यास सगळें अंगण गात होतें.

दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. ते म्हणाले, "साहेब, पेटी मीं रागानें सोडली नाहीं. मला कोणी बोलाविलेंच नाहीं." ह्याहून अधिक ते कांहीं बोलले नाहींत. चहा घेऊन मी परत आलों.

त्या रविवारीं कपाटांतील पेटी बाहेर काढली. सूर जमत नाहीं म्हणून मीं पुन्हा तक्रार केली, तेव्हां तो कीबोर्ड वाजविणारा मुलगा सहज म्हणाला, "साहेब, पेटी कशाला घासायची? ह्याचा सूर बटणानें वर नेतां येतो." आणि त्यानें दोन मिनिटांत तो पेटीशीं मिळविला. कारागीर जें सांगूं पाहत होता तें बहुधा हेंच असावें. पेटीच्या पत्त्यांस उष्णता फारशी बाधत नाहीं. तेव्हां एकदां जमलेलें पुष्कळ दिवस टिकतें.

आतां तेथें दोन्हीं वाद्यें वाजतात. अभंगांस पेटी व टाळ. इतर गीतांस कीबोर्ड, परंतु तयार तालावांचून. तो मुलगा मास्तरांजवळ शिकतो. मास्तरांचीं बोटें आतां पूर्वीसारखीं चालत नाहींत. आणि सगळेंच भरून आलें असें म्हणतां येत नाहीं. त्या विधवेस जात्यावरच्या ओवीच्या दोन चाली येत असत. त्या दुसऱ्या कोणासहि येत नाहींत. ज्या वर्षांत मी नव्या वाद्याच्या आनंदांत होतों, त्याच वर्षांत त्या शिकून घ्यावयाच्या होत्या. त्या तिच्याबरोबर गेल्या.

८. मग मंडळीनें काय करावें?

एज्राच्या पुस्तकांत मंदिराचा पाया घातला तेव्हां ज्यांनीं पहिलें मंदिर पाहिलें होतें ते वृद्ध रडले व इतर हर्षानें गर्जले, आणि रडणें कोणतें व गर्जना कोणती हें लोकांस ओळखतां येईना. आमच्या मंडळींतहि नवें वाद्य आलें म्हणजे असेंच होतें. शास्त्र त्या वृद्धांस रागें भरत नाहीं व तरुणांसहि गप्प बसवीत नाहीं. दोन्हीं आवाज एकाच पायावर उठले, एवढेंच तें सांगतें.

ह्यावरून मला पांच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली: नवें वाद्य घ्यावयाचें तर जुनें मोडीत काढूं नये, आणि जुनें वाजविणारा मनुष्य तर मुळींच काढूं नये.

दुसरी: नव्याचा सूर जुन्याशीं मिळवावा. पेटीच्या पत्त्या घासण्यापूर्वीं कीबोर्डाचें बटण फिरवून पाहावें. हें वाद्यांस लागू आहे तसें पंचांच्या बैठकीसहि लागू आहे.

तिसरी: मंडळीचा कंठ हेंच पहिलें वाद्य. पौलानें करिंथकरांस निर्जीव वाद्यांचा दाखला दिला तो स्पष्ट अर्थ कळावा म्हणून दिला. ज्या वाद्याखालीं गीताचे शब्द ऐकूं येत नाहींत तें उपासनेस साह्य करीत नाहीं, मग तें दहा रुपयांचें असो कीं दहा लाखांचें. महिन्यांतून एक तरी गीत वाद्यावांचून म्हणावें. वीज गेली तर मंडळी मुकी होऊं नये.

चौथी: दावीदानें फुकट मिळालेलें होमार्पण करण्याचें नाकारिलें. देणगी आली तरी मंडळीनें आपला वांटा घालावा, आणि वाद्याबरोबर त्याच्या दुरुस्तीचा व शिकविण्याचा खर्च आधींच धरावा.

पांचवी: डिजिटल ऑर्गन म्हणजे मूळांत काय, तर एका खऱ्या नळीचा जपून ठेविलेला आवाज. हीच विद्या आज प्रत्येक तरुणाच्या खिशांतील मोबाईलमध्यें आहे. आपल्या मंडळींतील म्हाताऱ्या मनुष्यांकडे जावें, त्यांस येत असलेल्या चाली त्यांच्याच आवाजांत सांठवून घ्याव्या, आणि त्यावरून मुलांस शिकवाव्या. ह्यास पैसा लागत नाहीं. परंतु वेळ दवडूं नये.

शब्बाथशाळेकरितां प्रश्न

१. स्तोत्र १५० मध्यें कोणकोणत्या वाद्यांचा उल्लेख आहे? त्यांपैकीं वाऱ्याचीं कोणतीं, तारांचीं कोणतीं व आपटून वाजवावयाचीं कोणतीं?

२. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून पाहा; मग तिच्यांत थोडें पाणी घालून पुन्हा फुंका. सूर चढला कीं उतरला, व कां?

३. उन्हाळ्यांत नळ्यांचा सूर चढतो, मग डिजिटल सुरांनीं काय करावें? आपल्या मंडळींत 'नळ्या' कोण व 'नवे सूर' कोण?

४. एज्रा ३ मधील वृद्ध कां रडले? त्यांचें रडणें चुकीचें होतें काय?

५. आपल्या गांवांत अशी कोणती चाल आहे कीं जी एकाच मनुष्यास येते? पुढील रविवारापूर्वीं त्या मनुष्याकडे कोण जाईल, त्याचें नांव येथें लिहा.